वकील कोणता करायचा? – आरोपीच्या बाजूचा एक दुर्लक्षित इतिहास

गेल्या पावसाळ्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी तास संपल्यावर वर्गाच्या दाराशी थांबून राहिला. आदल्या रात्री त्याच्या थोरल्या भावाला पोलिसांनी घरातून उचलून नेले होते. दुपारी त्याला तालुक्याच्या कोर्टात उभे करणार होते. घरात वडील नाहीत, आईला सही येत नाही. भाऊ निर्दोष आहे की नाही, पोलिसांनी मारले की नाही, यातले काहीही त्याने मला सांगितले नाही. त्याने एवढेच विचारले, "सर, वकील कोणता करायचा?"

मी इतिहासाचा प्राध्यापक. माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर. महाडचा संगर, पुणे करार, घटना समितीतील चर्चा हे सारे मी दरवर्षी शिकवतो. पण या साध्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. नंतर मी शोधू लागलो तेव्हा लक्षात आले की, आपल्या चळवळीच्या लिखाणातही ते फारसे नाही. आपण अत्याचारांचा इतिहास लिहिला, फिर्याद नोंदवून घेण्यासाठी काढलेल्या मोर्चांचा लिहिला आणि ते योग्यच केले. परंतु त्याच माणसांना जेव्हा आरोपी म्हणून पिंजऱ्यात उभे केले गेले, तेव्हा त्यांच्या बाजूने कोण उभे राहिले, किती पैसे घेऊन राहिले, कोणी पाठ फिरवली, याची नोंद आपण ठेवली नाही. जणू आरोपी होणे ही त्या कुटुंबाची खाजगी नामुष्की आहे आणि चळवळीचा तिच्याशी संबंध नाही. हा समज मला मोडायचा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम माझ्या घरचे सांगतो.

२००२ सालचा जानेवारी महिना. मी अकरा वर्षांचा होतो. मराठवाड्यातल्या आमच्या गावी बौद्धवाड्यातल्या काही घरांनी गायरानाची जमीन वर्षानुवर्षे कसली होती. त्यात माझे वडील आणि दोन चुलतेही होते. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली झाला होता, पण सातबाऱ्यावर आमचे नाव काही चढले नव्हते. त्या वर्षी ज्वारी हुरड्याला आली असताना गावातल्या बड्या घरची जनावरे तिच्यात सोडली गेली. बाबा आणि तात्या अडवायला गेले, तर त्यांना जातीवरून शिव्या घालून काठ्यांनी झोडपले. ॲट्रॉसिटीखाली फिर्याद झाली. आणि दुसऱ्याच दिवशी उलट फिर्याद आली – आमच्या सात जणांनी मिळून गळ्यातली साखळी आणि रोख रक्कम लुटली. कलम ३९५, म्हणजे दरोडा. ज्यांच्या घरात रात्रीच्या भाकरीची भ्रांत, ते दरोडेखोर ठरले.

खेड्यापाड्यात काम करणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला ही 'क्रॉस केस' नवी नाही. दलिताची फिर्याद मोडायची तर आधी त्याला आरोपी करायचे, तेवीस दिवस आत ठेवायचे आणि मग निरोप पाठवायचा – तुम्ही तुमची मागे घ्या, आम्ही आमची घेतो.

बाबांना बरोबर तेवीस दिवस आत काढावे लागले. त्या तेवीस दिवसांत माझ्या आईने वकील शोधला. तालुक्याच्या कोर्टासमोर वडाखाली टेबले टाकून बसलेल्या काळ्या कोटांमध्ये ती माझा हात धरून फिरली, ते मला अजून दिसते. पहिल्या वकिलाने गावाचे नाव विचारले, आडनाव विचारले आणि म्हणाले, "बाई, त्या घरची सगळी कामं माझ्याकडं आहेत. मला नाही जमणार." निदान खरे बोलले. दुसऱ्याने सगळी फी आधी मागितली. वर सांगितले की, 'साहेबांना' द्यायचे वेगळे लागतील. आई दोन शेळ्या आणि गळ्यातले डोरले विकून आली तोवर त्याने भाव वाढवला होता. शेवटी चळवळीतल्या एकाने जिल्ह्याच्या गावचे एक वकील सुचवले. आपले होते, जयंतीला भाषण फार जोरकस करीत. आईला वाटले, आता काळजी नाही. तिने कोऱ्या वकीलपत्रावर अंगठा उठवला.

जामीन झाला. पण पुढे दोन वर्षे ते वकील तारखेला आलेच तर पुकारा होऊन गेल्यावर येत. एकदा आरोपी हजर नसल्याचा शेरा पडून तात्यांवर वॉरंट निघाले. तात्या त्या वेळी कोर्टाच्याच पायरीवर वकिलाची वाट पाहत बसले होते. दर तारखेला सात माणसांची मजुरी बुडे, एस.टी.चे भाडे जाई. माझ्या बहिणीची शाळा सातवीत सुटली ती याच काळात.

अखेर खटला ज्यांनी चालवला ते तालुक्यातले एक वयस्कर वकील होते. आपल्या समाजाचे नव्हते आणि चळवळीतले तर मुळीच नव्हते. ते फार बोलत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी साताही जणांना समोर बसवले आणि एकेकाला एकच प्रश्न विचारला, "त्या दिवशी तू कुठं होतास?" बाबांचा एक चुलत भाऊ म्हणाला, "मी तर उसाला होतो, साहेब. दुसऱ्या जिल्ह्यात. कारखान्यावर." दोन वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता. त्या गृहस्थाचे नाव गावकीच्या यादीतून घालताना, तो दिवाळीनंतरच टोळीबरोबर ऊसतोडीला गेला आहे याचे भान फिर्याद लिहिणाराला राहिले नव्हते. वकिलांनी मुकादमाला साक्षीला आणले, त्याची हिशेबाची वही आणली. जो माणूस त्या दिवशी दीडशे मैलांवर ऊस तोडत होता त्याला फिर्यादीने दरोड्यात डोळ्यांनी पाहिले होते! उलटतपासात फिर्याद मोडली. २००८ साली सातही जण निर्दोष सुटले. आमची ॲट्रॉसिटीची फिर्याद मात्र तोवर साक्षीदार फुटून निकालात निघाली होती. गायरानही गेले होते.

या घटनेतून मी दोन गोष्टी शिकलो. वकिलाची जात आणि त्याचे भाषण यांवरून त्याचे काम ओळखता येत नाही. आणि खटल्याचा निकाल काही लागो, वकील करण्यातच गरीब माणसाची निम्मी शिक्षा भोगून होते. हे माझ्याच घरी झाले असे नाही. त्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

गावगाड्यात महाराचे एक काम होते, पकडलेल्या माणसाला ठाण्यापर्यंत पोचवण्याचे. सरकारी खजिना पोचवायचा, सांगावा न्यायचा, चोरीचा माग काढायचा आणि आरोपीची राखण करायची. ज्या व्यवस्थेने त्याला शिवून घेतले नाही तिने चोर त्याच्या स्वाधीन केला. मांग-रामोश्यांच्या वाट्याला याहून वाईट आले. चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावर, आणि पाटलापुढे हजेरी द्यायची त्यांनी. अण्णाभाऊंच्या 'फकिरा' कादंबरीत (१९५९) ही हजेरी आणि तिच्यामागचा कायदा कथेच्या केंद्रस्थानी आहे, हे वाचकांना ठाऊकच आहे.

तो कायदा म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढून तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. वकिलाच्या दृष्टीने या कायद्याकडे क्वचितच पाहिले जाते. एखादी जमात गुन्हेगार आहे असे सरकारने जाहीर केले की, त्या जाहीरनाम्याच्या वैधतेबद्दल कोणत्याही न्यायालयाने प्रश्न उपस्थित करावयाचा नाही, असे १८७१ च्या कायद्यातच लिहिले होते. इतर आरोपींना निदान आरोप तरी असतो. त्या आरोपाला उत्तर देता येते, उत्तर देण्यासाठी वकील करता येतो. जन्मानेच गुन्हेगार ठरलेल्याने वकील करायचा तो कोणापुढे उभा करण्यासाठी? सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्यासाठी कोर्टाचे दार कायद्यानेच बंद होते. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. पण त्याच्या जागी ठिकठिकाणी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्यात ते १९५९ साली आले. ठाण्याच्या भिंतीवरची जुनी यादी केवळ नाव बदलून राहिली. तुरुंगांच्या नियमावल्यांतून विमुक्त जमातींना गुन्हेगार समजणाऱ्या आणि जातीवर कामे वाटणाऱ्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्या त्या २०२४ साली. म्हणजे इतका काळ त्या छापील होत्या.

दुसरीकडे वकिली हा इंग्रजी अमदानीतला नवा धंदा होता. त्याला कायद्याची पुस्तके लागत, इंग्रजी लागे, सनद लागे आणि अशील येईपर्यंत घरी बसून खाण्याची ऐपत लागे. विद्येची मक्तेदारी ज्यांच्या हाती होती त्यांच्याच हाती हा धंदा गेला, यात नवल नाही. त्यामुळे जिल्ह्याच्या कोर्टात फिर्यादीचा वकील, आरोपीचा वकील, शिरस्तेदार आणि बहुधा न्यायाधीशही एकाच थरातले. खालच्या थरातला माणूस तेथे पोचायचा तो आरोपी किंवा साक्षीदार म्हणून, आणि उभा राहायचा तोही दाराबाहेर.

१९२३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर होऊन परतले आणि मुंबईत वकिली करू लागले, ही घटना या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. सनदेसाठी लागणारे पैसे त्यांना नवल भथेना या पारशी मित्राकडून घ्यावे लागले. मोठी कामे सॉलिसिटरांच्या हाती असत आणि अस्पृश्य बॅरिस्टरला ती देण्यास ते राजी नव्हते. म्हणून बाबासाहेबांना बाहेरगावच्या कोर्टांतली आणि अपिलांची कामे करावी लागली. अस्पृश्यांना वकील मिळत नव्हता, आणि अस्पृश्य वकिलाला अशील मिळत नव्हते. एकाच भिंतीच्या या दोन बाजू.

त्यांच्या फौजदारी कामांपैकी दोन कामांचा उल्लेख येथे करतो, कारण ती दोन्ही अस्पृश्यांची नव्हती. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आदी ब्राह्मणेतर पुढाऱ्यांवर पुण्यात अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १९२६ साली खालच्या कोर्टात त्यांना शिक्षा झाली. पुण्यात वकिलांचा तोटा नव्हता. तरी सेशन कोर्टातले अपील चालवण्यासाठी त्यांनी बाबासाहेबांना बोलावले. बाबासाहेबांनी कायद्याच्या मुद्द्यांवर अपील लढवले आणि आरोपी सुटले. दुसरा खटला १९३४ चा. 'समाजस्वास्थ्य' मासिकातील लैंगिक प्रश्नांच्या चर्चेवरून र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा आरोप होता. समाजाने वाळीत टाकलेल्या या चित्पावन सुधारकाच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. तो खटला हरला आणि कर्व्यांना दंड झाला. पण आरोपी कोणत्या जातीचा आहे, किंवा त्याच्या बाजूने उभे राहिल्याने लोक काय म्हणतील, हा विचार त्यांच्या वकिलीत नव्हता. आमच्या त्या वयस्कर वकिलांनी तरी वेगळे काय केले? म्हणून ही परंपरा आपलीही आहे, असे मी म्हणतो.

घटना समितीत हा प्रश्न सप्टेंबर १९४९ मध्ये आला. अटक झालेल्या माणसाच्या हक्कांचे नवे कलम बाबासाहेबांनी मांडले. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क त्या मसुद्यात होता. नुसत्या सल्ल्याने भागेल काय, असा प्रश्न निघाला, तेव्हा त्या वकिलाकरवी बचाव करण्याचा हक्कही त्यात घातला गेला. आज तोच संविधानाचा अनुच्छेद २२ (१) आहे. वकिलामार्फत बचावाचा हक्क १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४० मध्ये होताच. १९७३ च्या संहितेत तो ३०३ झाला. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली आणि योगायोग असा की, तिच्यात त्याचा क्रमांक पुन्हा ३४० आहे.

पण 'आपल्या पसंतीचा' या दोन शब्दांत सारे अडले आहे. पसंती कोणाला करता येते? ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला. तेलंगणाच्या लढ्यातील शेतकऱ्यांना हैदराबादेत विशेष न्यायाधिकरणांनी फाशीची शिक्षा दिली, त्या खटल्यात त्यांना वकील नव्हता अशी त्यांची तक्रार होती. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, वकील करण्याचा हक्क आहे, परंतु वकील पुरवणे हे न्यायालयाचे कर्तव्य या कलमातून निघत नाही. केवळ वकील नव्हता म्हणून खटला रद्द होत नाही. निजामाच्या राज्यातले हे प्रकरण आम्हा मराठवाड्याच्या लोकांना परके नाही.

पुढची पंचवीस वर्षे कायदा येथेच थांबला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला आणि गरिबाला मोफत कायदेविषयक साहाय्य देण्याची जबाबदारी राज्यावर आली. मग निकालांची एक मालिका झाली. १९७८ च्या होसकोट प्रकरणात, तुरुंगातल्या माणसाला निकालाची नक्कल आणि अपिलासाठी वकील मिळालाच पाहिजे असे ठरले. हे प्रकरण आपल्याच राज्यातून गेले होते. त्याच वर्षी मोतीराम प्रकरणात न्यायालयापुढे एक गवंडी होता. त्याच्याकडून दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो जामीनदार नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने ते चुकीचे ठरवले. १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतले कच्चे कैदी उजेडात आले. गुन्ह्याला जेवढी शिक्षा आहे त्याहून अधिक काळ काहींनी खटल्याविनाच आत काढला होता. १९८१ साली, भागलपूरला ज्यांचे डोळे पोलिसांनी फोडले त्या कैद्यांच्या प्रकरणात ठरले की, आरोपीला पहिल्यांदा कोर्टापुढे आणतात त्याच दिवशी त्याला मोफत वकिलाचा हक्क सांगणे हे न्यायाधीशाचे कर्तव्य आहे. १९८३ साली मुंबईच्या स्त्री-कैद्यांबद्दल शीला बर्से यांच्या पत्रावरून निकाल झाला. वकिलानेच फीच्या नावाखाली चीजवस्तू लुबाडल्याची हकिगत त्यात आहे. ती वाचताना मला माझ्या आईचे डोरले आठवले. १९८६ साली सुखदास प्रकरणात, आरोपीला हा हक्क सांगितला नाही एवढ्यावरून शिक्षाच रद्द झाली.

१९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला, तो अंमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडले. त्याचे बारावे कलम प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवे. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, मूल, कोठडीत असलेली व्यक्ती – यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. बौद्धालाही तो आहे, कारण १९९० पासून बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींत होतो. २००२ साली माझी आई शेळ्या विकत होती तेव्हा हा कायदा लागू होऊन सहा वर्षे झाली होती. कोर्टाच्या त्याच आवारात त्याची समिती होती. आईला ते कोणी सांगितले नाही. वडाखालच्या वकिलांनी नाही, पोलिसांनी नाही, आणि दुःखाने म्हणतो, आमच्या चळवळीतल्या माणसांनीही नाही.

आणि वकिलांनी पाठ फिरवली तर? अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घ्यायचे नाही, असे ठराव वकील संघ अधूनमधून करतात. आरोपी एकटा असला, गरीब असला, लोकांचा राग त्याच्यावर असला की असे ठराव लवकर होतात. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद रफी प्रकरणात सांगितले की असे ठराव बेकायदेशीर आहेत, वकिलीच्या धर्माला सोडून आहेत.

एवढे सारे झाल्यावर आज काय आहे? २०२२ सालच्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. दर चारांतले तीन. कच्च्या कैद्यांत अनुसूचित जातींचा वाटा सुमारे एक पंचमांश आहे. लोकसंख्येत तो २०११ च्या जनगणनेप्रमाणे १६.६ टक्के होता. सातबारा नसलेल्याला जामीनदार मिळत नाही, हे मोतीरामच्या निकालानंतरही आमच्या तालुक्यात रोज दिसते.

महाराष्ट्रातलेच एक प्रकरण सांगतो. २००३ सालच्या एका भीषण गुन्ह्यात भटक्या जमातीच्या सहा गरीब मजुरांना धरले. सेशन कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कमी केली, पण २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा सहाही जणांना दिली. पुढे फेरविचार झाला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. गुन्ह्यातून वाचलेल्या स्त्रीने घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते. त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षे गेली. त्या सहांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

माझा प्रश्न असा आहे : 'ते चौघे कुठे आहेत?' हे कोर्टात ठासून विचारण्याची पहिली वेळ कोणती होती? ती २०१९ ची दिल्ली नव्हती. ती पहिल्या कोर्टातली पहिली तारीख होती. पुरावा तेथे नोंदला जातो. तेथे जो प्रश्न विचारला गेला नाही तो वरच्या कोर्टात विचारायला बहुधा जागा उरत नाही. आमच्या ऊसतोड्या काकाला 'तू कुठे होतास' हे तालुक्यातच विचारले गेले म्हणून सात घरे वाचली. म्हणून मी म्हणतो की, आपल्या माणसाच्या दृष्टीने घटनेचे रक्षण करणारी पहिली व्यक्ती दिल्लीतली नसून तालुक्याच्या कोर्टातला फौजदारी वकील आहे. आणि त्याच्याकडेच आपले सर्वांत कमी लक्ष आहे.

तर मग त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर काय? चार जाणत्या वकिलांना आणि आमच्या घरच्या अनुभवाला विचारून मी जे जमवले ते सांगतो.

वकील शक्यतो त्याच कोर्टात रोज काम करणारा असावा. बाहेरगावचा मोठा वकील तारखेला पोचत नाही आणि त्याच्या गैरहजेरीची किंमत आरोपी मोजतो. मात्र स्थानिक वकिलाला प्रथम विचारावे की, फिर्यादीच्या घरची कामे तुमच्याकडे आहेत का? आमच्या पहिल्या वकिलाइतके सारेच प्रांजळ नसतात. वकीलपत्र कोरे असताना सही-अंगठा करू नये. फी किती, कोणत्या टप्प्याला किती, हे ठरवून प्रत्येक रकमेची पावती मागावी. निकालावर ठरलेली फी वकिलाला घेता येत नाही, आणि 'साहेबांना द्यायचे' म्हणणाऱ्याच्या टेबलावरून उठावे. दोषारोपपत्राच्या नकला आरोपीला विनामूल्य मिळतात, त्या घरी ठेवाव्यात आणि वाचता येणाऱ्याकडून वाचून घ्याव्यात. अटकेचा दिवस लिहून ठेवावा. गुन्ह्याप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामीन मागण्याचा हक्क असतो, पण तो वेळेवर मागावा लागतो आणि दिवस मोजायचे काम आपणच करायचे असते. वकील काम करीत नसेल तर बदलता येतो. आणि पैसे नसतील तर शेळ्या विकण्याआधी कोर्टाच्या आवारातल्या तालुका विधी सेवा समितीत जावे. २०२२ पासून जिल्ह्याच्या ठिकाणी लोकअभिरक्षक कार्यालये निघू लागली आहेत, तेथे आरोपीचा बचाव करण्यासाठीच नेमलेले वकील असतात. मोफत वकील म्हणजे निकामी वकील, असे समजू नये. आणि तो फुकटचा आहे म्हणून त्याला जाब विचारायचा नाही, असेही समजू नये.

हे एकट्या कुटुंबाला झेपणारे नाही. अटकेची बातमी येते तेव्हा घरात रडारड असते, आणि त्याच वेळी हे सारे निर्णय घ्यावे लागतात. तेथे चळवळीने उभे राहिले पाहिजे. बाबासाहेबांनी १९५६ साली मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू केले, तेव्हा आपल्यातून वकील निघावेत ही दृष्टी त्यामागे होती. ते निघालेही. आज तालुक्या-तालुक्यांत आपल्या मुली-मुलांच्या अंगावर काळा कोट आहे. त्यांतले कितीतरी जण अशिलाविना वडाखाली बसून असतात, कारण आपलाच शिकलेला माणूस काम पडले की 'मोठ्या' वकिलाकडे जातो. त्यांच्याकडून चोख काम मागावे, ठरलेली फी वेळेवर द्यावी आणि चुकले तर तोंडावर सांगावे. माझ्या आईने एका वकिलावर केवळ तो आपला म्हणून विश्वास टाकला, त्यात तिची चूक नव्हती. चूक आमची होती, कारण त्याला जाब विचारणारे कोणी नव्हते.

आमच्या महाविद्यालयातल्या चार प्राध्यापकांनी आता एक साधी वही सुरू केली आहे. कोणाला केव्हा अटक झाली, वकील कोण, पुढची तारीख कोणती, साठावा दिवस कोणता. तारखेला आळीपाळीने कोणीतरी जाते. तेथे आम्ही काही बोलत नाही, मागच्या बाकावर बसतो. पण कोणीतरी पाहते आहे हे वकिलाला कळते, पोलिसाला कळते आणि पिंजऱ्यातल्या माणसालाही कळते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला असेही वाटते की, उद्या या काळाचा इतिहास लिहिताना अशा वह्या लागतील. २००२ सालची आमची अशी वही असती, तर या लेखातला माझ्या घरचा भाग मला केवळ आठवणीवर लिहावा लागला नसता.

त्या दिवशी मी विद्यार्थ्याबरोबर गेलो. वाटेत त्याच्या आईला घेतले. समितीच्या कार्यालयात अर्ज भरताना कारकुनाने जातीचा दाखला मागितला. तो घरी राहिला होता. कोठडीतल्या माणसाला दाखल्याशिवायही वकील मिळतो, हे बारावे कलम मी त्यांना दाखवले, आणि दुपारी पुकारा झाला तेव्हा त्या मुलाच्या बाजूला वकील उभी होती. तिशीच्या आतली, आमच्याच जिल्ह्यातली. उभी राहण्यापूर्वी तिने त्याच्याजवळ जाऊन हळू आवाजात काही विचारले. काय विचारले ते मला ऐकू आले नाही. पण तो बोलू लागला आणि ती लिहून घेऊ लागली, हे मी पाहिले. खटला अजून चालू आहे. पुढच्या तारखेला मागच्या बाकावर बसायची पाळी माझी आहे.